एकट्याच आलात?

मुंबईहून रात्री सुटणाऱ्या एस.टी.त कंडक्टर तिकिटाचे यंत्र घेऊन माझ्या बाकापाशी आला आणि त्याने विचारले, "किती?"

"एक दापोली."

त्याने माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "एकट्याच?"

"एकटीच," मी म्हटले.

२०२३ सालापासून एस.टी.त बायकांना अर्ध्या तिकिटाची सवलत आहे. ते अर्धे तिकीट माझ्या हातावर ठेवताना त्याच्या चेहऱ्यावर असा काही भाव होता, की जणू निम्मेच माणूस प्रवासाला निघाले आहे आणि उरलेले निम्मे घरी विसरले आहे!

त्याला तरी दोष कशाला द्या? वयाच्या एकोणसाठाव्या वर्षापर्यंत मी घराबाहेर एकही रात्र एकटीने काढलेली नव्हती. आधी आईवडिलांबरोबर, मग शाळेच्या सहलीबरोबर, मग चौतीस वर्षे यजमानांबरोबर. तिकिटे त्यांच्या खिशात, पाण्याची बाटली त्यांच्या खांद्याला, आणि कुठल्या स्टेशनावर चहा चांगला मिळतो ते त्यांच्या डोक्यात. ते गेले त्याला दोन वर्षे झाली. त्यानंतर मुलगा-सून मला दोनदा सहलीला घेऊन गेली. फार मायेने नेले. पण दिवसातून दहा वेळा "आई, बरं वाटतंय ना?" असे कोणी विचारू लागले, की बरे वाटत असलेल्या माणसालाही संशय येऊ लागतो. म्हणून मी ठरवले, की चार दिवस समुद्रावर जायचे, एकटीने जायचे आणि कोणाच्या कसल्याही प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही.

ठरवणे सोपे होते, खोली मिळणे सोपे नव्हते. किनाऱ्यावरच्या एका लॉजला मी फोन केला. बोलणे छान चालले होते. समुद्र किती जवळ, जेवण कसे, सगळे सांगून झाले. "किती जण?" म्हणून विचारले आणि मी "एक" म्हटले, तेव्हा पलीकडचा आवाज एकदम सरकारी झाला. "एकट्या माणसाला आम्ही खोली देत नाही." मी कारण विचारले. तो गृहस्थ जरा घुटमळला आणि म्हणाला, "बाई, गैरसमज नको. पण समुद्रावर एकटं माणूस येतं ना, त्याचा भरवसा नसतो. मागाहून पोलीस आमच्या दारात येतात."

फोन ठेवल्यावर मला प्रथम राग आला, मग हसू आले, आणि मग थोडा वेळ काहीच आले नाही. मी समुद्रावर निघाले होते ती लाटा बघायला आणि दुपारी लोळत पुस्तक वाचायला. पण एकट्या बाईने समुद्र बघायला जाणे ही गोष्ट लोकांना इतकी अवघड का वाटावी, हा विचार मनातून जाईना.

अखेर एका मैत्रिणीच्या ओळखीने मुरूडला एका घरात सोय झाली. मुरूड म्हणजे दापोलीजवळचे, हर्णैच्या शेजारचे. जंजिऱ्याचे मुरूड वेगळे, ते रायगड जिल्ह्यात.

दापोलीला उतरले तेव्हा उजाडत होते आणि हवेत चांगला गारवा होता. तिथून मुरूडची गाडी पकडली. आसूदच्या उतारावर गाडी वळणे घेत खाली जाऊ लागली, की दोन्ही बाजूंना पोफळी आणि माडांची अशी दाटी होते, की भर सकाळी गाडीत संध्याकाळ झाल्यासारखे वाटते. ज्यांनी श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' वाचली आहे त्यांना हा मुलूख नवा नाही. आसूदला लागूनच असलेले मुर्डी हे पेंडशांचे गाव. १९५२ साली ती कादंबरी आली. आमच्या घरी तिची पाने सुटलेली एक प्रत होती आणि "एकदा तो भाग बघायला हवा" हे आमच्याकडे दर उन्हाळ्यात म्हटले जाई. म्हणण्यातच सगळे उन्हाळे गेले. गाडीच्या खिडकीतून ती झाडी बघताना मला एवढेच वाटले, की बघायला निघणे काही फार कठीण नव्हते, दीडदिवसाची रजा आणि एक बॅग पुरली असती.

घर अगदी कोकणातल्या घरासारखे. पुढे अंगण, मग पायऱ्या चढून ओटी, आत माजघर, मागे पडवी, आणि पडवीमागे नारळी-पोफळीची वाडी थेट समुद्रापर्यंत गेलेली. वाडीच्या शेवटी काटेरी कुंपण, आणि कुंपणापलीकडे वाळू. घरात काका, काकू, त्यांचा दहा वर्षांचा नातू, आणि काकांच्या आई. आजींचे वय नव्वदीच्या अलीकडे-पलीकडे असावे. त्या ओटीवर बसून विळीवर सुपारी कातरत होत्या.

काकूंनी गरम घावने आणि ओल्या खोबऱ्याची चटणी पुढे ठेवली, आणि मी पहिला घास घेते न घेते तोच त्यांनी विचारले, "एकट्याच आलात?" तोपर्यंतची ही पाचवी वेळ होती. दापोलीचा चहावाला, गाडीतली शेजारीण आणि नाक्यावरचा रिक्षावाला यांनी मधली जागा भरून काढली होती. मी मान डोलावली. त्यांनी आणखी एक घावन वाढले आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "नाही म्हणजे, मनाला काही त्रास-बिस नाही ना?"

"घावन गार होईल," मी म्हटले. त्या हसल्या, पण त्यांचे समाधान काही झालेले दिसले नाही.

आंघोळ करून वाडीतून मी समुद्रावर गेले तेव्हा अकरा वाजून गेले होते. पाणी अगदी कुंपणाच्या जवळ होते. लाट फुटली की तिचा फेस वाळूवरच्या सुक्या झावळ्यांना शिवून परत जात होता. उभे राहायला जेमतेम एक पट्टा. मला थोडे वाईट वाटले. लांबरुंद किनारा म्हणून ऐकले होते तो हाच का? मी पायांवर दोन लाटा घेतल्या, साडी भिजवली आणि परत आले.

"आत्ता कशाला गेलीस?" आजींनी ओटीवरून विचारले. माझ्या वयाच्या बाईला 'अगंतुगं' करणारे माणूस किती दिवसांनी भेटले होते! "आज पुनव नाही का? भरतीच्या वेळेला गेलीस. संध्याकाळी जा, सुकतीला."

"तुम्हांला वेळ कशी कळली आजी? इथून तर समुद्र दिसत नाही."

"दिसायला कशाला हवा? तिथीची पाऊणकी करायची. पुनव म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणकी किती?"

मी पावकी-निमकी म्हटलेली शेवटची पिढी. "सव्वाअकरा," मी म्हटले.

"मग सव्वाअकराला भरती. चतुर्थी असली तर तीनला. अष्टमी असली तर सहाला. त्यात सहा तास मिळवलेस की सुकती."

मी मनाशी ताळा करून पाहिला. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि त्याच्यामागून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. आजींच्या हिशेबात एका तिथीला पाऊण तास, म्हणजे पाचच मिनिटांची काटछाट. पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य-चंद्राची ओढ एकाच रेषेत येते, म्हणून तेव्हा पाणी खूप चढते आणि तितकेच खूप उतरते. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ आडवी पडते आणि पाणी धड चढतही नाही, धड उतरतही नाही. तो भांग. शाळेत भूगोलाच्या तासाला हे सारे मी मुलांना पंचवीस वर्षे शिकवले होते, आकृती काढून. त्या आकृतीवरून समुद्रावर किती वाजता जावे हे मात्र मला कधी सांगता आले नसते!

दुपारच्या जेवणाला कुयरीची भाजी, आमटी-भात आणि सोलकढी होती. त्यानंतर पुस्तक उघडले आणि ते छातीवर ठेवून मी दीड तास झोपले. साडेतीनला काका म्हणाले, "हर्णैला लिलाव बघून या. रिक्षा सांगतो."

हर्णै चार-पाच किलोमीटरवर. बंदरावर उभे राहिले की समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. किनाऱ्यापासून इतका जवळ, की हाक मारली तर ऐकू जाईल असे वाटते. मराठ्यांच्या आरमाराचे हे एक बलदंड ठाणे. १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि घेतला तो पेशव्यांशी संगनमत करून. म्हणजे घरच्या भांडणात बाहेरचा माणूस बोलावला, आणि आपलेच आरमार आपण खिळखिळे करून घेतले. तटाकडे बघताना ही गोष्ट आठवली की तोंड जरा कडू होते.

पण बंदरावर इतिहासाची आठवण फार वेळ टिकत नाही, कारण तिथे मासळीचा लिलाव चालू असतो. पाणी ओसरत चाललेले, मोठ्या होड्या खोल पाण्यात उभ्या, आणि त्यांतली मासळी टोपल्यांतून, गाड्यांतून किनाऱ्याला येत होती. वाळूवर ढीग पडत होते. सुरमई, पापलेट, कोळंबी, बांगडे. ढिगाभोवती माणसांचे कडे. बोली इतक्या झरझर चढते, की आपण आकडा ऐकेपर्यंत ढीग विकला गेलेला असतो. मी शाकाहारी. पदर नाकाला लावून उभी होते, पण पाय काही निघेना.

मला धरून ठेवले होते तिथल्या बायकांनी. नऊवारी कासोटा घट्ट मारलेल्या, डोईवर टोपली, कमरेला पैशांची पिशवी. कोणी एकटीनेच कड्यात घुसून बोली करत होती, कोणी एकटीनेच ओझे उचलून टेंपोकडे निघाली होती. पहाटे घर सोडून निघालेल्या, आणि रात्री कुठल्या तरी बाजारातून परतणाऱ्या. त्यांना "एकट्याच आलात?" असे कोणी विचारत नव्हते. कामाला निघालेली बाई एकटी असली तरी चालते, आरामाला निघालेली बाई एकटी असली की चौकशी होते, हे मला त्या वाळूत उभे राहून प्रथमच स्वच्छ दिसले.

परतताना रिक्षा गावातून आली आणि मी रिक्षावाल्याला क्षणभर थांबायला सांगितले. मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. जन्म १८५८ सालचा, शेरवलीला आजोळी, पण बालपण इथले. १८७५ साली याच गावातून ते परीक्षेसाठी साताऱ्याला पायी गेले, शंभराहून अधिक मैल. आणि तिथे 'वयाने लहान दिसतोस' म्हणून परीक्षेला बसू दिले नाही. ही गोष्ट आपण मुलांना चिकाटीचा धडा म्हणून सांगतो. पुढची गोष्ट मात्र कमी सांगतो. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झालेल्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. त्या लग्नापायी याच मुरूडने कर्व्यांवर बहिष्कार टाकला. स्वतःच्या घरी, सख्ख्या आईजवळ मोकळेपणाने राहणेही त्यांना अवघड झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, १८९६ साली, त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ उभे केले, १९५८ साली ते भारतरत्न झाले, आणि आता गावाला त्यांचा अभिमान आहे. गोदूबाईंनी, म्हणजे आनंदीबाई कर्वे यांनी, 'माझे पुराण' हे आत्मचरित्र लिहिले.

सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी नवरा नसलेल्या बाईने काय करावे आणि काय करू नये याचा सारा कायदा गावाजवळ होता. आज त्याच गावात माझ्यासारखी बाई घावने खाते आणि रिक्षाने फिरते. हे अंतर साताऱ्याहून कितीतरी लांबचे, आणि ते कोणीतरी माझ्यासाठी चालून ठेवलेले आहे. लॉजवाल्याच्या नकाराचा राग तेव्हा थोडा उतरला. पुरता नाही.

साडेपाचला घराच्या वाडीतून पुन्हा वाळूवर आले आणि थबकलेच. समुद्र जागेवर नव्हता! सकाळी कुंपणापाशी असलेले पाणी कुठल्या कुठे गेले होते, आणि मध्ये ओली, सपाट, आरशासारखी वाळू पसरली होती. तिच्यात आभाळ पडले होते. मी चपला हातात घेऊन चालू लागले. पायाखाली बारीक खेकड्यांनी काढलेल्या गोळ्यांची रांगोळी. चालता चालता माझ्या लक्षात आले, की मी फार दिवसांनी माझ्या चालीने चालते आहे. कोणासाठी पाऊल उचलायचे नव्हते, कोणासाठी थांबायचे नव्हते. यजमान भरभर चालत आणि दर शंभर पावलांवर मागे वळून बघत. मी दोनदा उगाचच पुढे पाहिले, कोणी वळून बघते आहे का म्हणून. मग ते पाहणे सोडून दिले.

मागे वळले तेव्हा मात्र कोणीतरी बघत होते. काकूंचा नातू. माझ्यापासून पन्नास पावलांवर शिंपले वेचत होता, आणि मी थांबले की थांबत होता.

"काय रे, शिंपले किती झाले?"

त्याने मूठ उघडली. एक शिंपला होता. "आजी म्हणाली, त्या बाईंच्या मागे मागे राहा. पाण्यात शिरल्या तर पळत ये."

मला झर्रकन राग आला. इथेही पहारा! पण पोर इतके प्रामाणिक, की त्याच्यावर रागावता येईना. तेवढ्यात पलीकडे आरडाओरडा ऐकू आला. शहरातून आलेल्या मंडळींनी नवी कोरी गाडी वाळूत घातली होती. घालू नये म्हणून कितीही बजावले तरी असे कोणी ना कोणी निघतेच. मागची चाके रुतली होती आणि गाडी पुढे रेटावी तसतशी आणखी खाली बसत होती. सात-आठ धडधाकट पुरुष, प्रत्येकाच्या हातात फोन, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला सूचना देत होता.

"घाई करा," मी जाऊन म्हटले. "पाणी परतायला लागलंय. आज पुनव आहे. उधाणाची भरती, गाडी बुडेल."

"मावशी, पाणी अजून खूप लांब आहे," एकजण हसून म्हणाला. मग त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, "तुम्ही एकट्याच का?"

"एकटीच आहे. पण पाण्याची वेळ मला माहीत आहे!"

पोराला मी घराकडे पिटाळले. तो काकांना आणि शेजारच्या दोघांना दोर घेऊन आला, आणि कोणाचा तरी ट्रॅक्टरही आला. गाडी निघाली तेव्हा तिच्या मागच्या खड्ड्यात पाणी भरू लागले होते. सूर्य बुडाला होता, आणि आमच्या पाठीमागे माडांच्या शेंड्यांतून पुनवेचा चंद्र वर आला होता, तांब्याच्या ताटासारखा. मी आणि पोर एकदमच घरी गेलो. पन्नास पावलांचे अंतर ठेवण्यात आता काही अर्थ राहिला नव्हता.

रात्री पानावर मी काकूंना म्हटले, "उद्यापासून त्याला माझ्या मागे पाठवू नका हो. मी पाण्यात शिरणार ती घोट्यापर्यंत."

काकूंच्या हातातली वाढणी तशीच राहिली. मग त्या म्हणाल्या, "तुम्हांला राग आला असेल. पण मागे इथल्याच किनाऱ्यावर एक बाई... तुमच्यासारख्याच, चांगल्या घरातल्या. शांत होत्या अगदी. दुसऱ्या दिवशी..." त्या पुढे बोलल्या नाहीत. पदराने डोळे टिपले आणि भात वाढला. "तेव्हापासून कोणी एकटं आलं की मला झोप लागत नाही."

मी काही बोलले नाही. ज्या पहाऱ्याचा मला राग आला होता, तो संशयाचा नव्हता. लॉजवाल्याने पोलिसांच्या भीतीने दार लावले होते. या बाईने भीती तेवढीच असूनही दार उघडले होते, घावने वाढली होती, आणि वर आपला नातू दिला होता. मी भात संपवला आणि आणखी मागून घेतला. त्यांना त्याने बरे वाटले असावे.

मध्यरात्रीच्या सुमारास मी दचकून जागी झाले. कुठेतरी मोठी मालगाडी जाते आहे असा आवाज, आणि ती जातच नाही. खोलीत उशाशी कोणी नाही, शेजारी कोणी नाही. छातीत धडधडू लागले. दिवसभर एकटेपणाची एवढी ऐट केली होती, ती त्या अंधारात कुठल्या कुठे गेली. खरे सांगते, मी हात लांब करून पलंगाची दुसरी बाजू चाचपली.

मग उठले आणि पडवीत आले. तिथे आजी बसल्या होत्या, गोधडी पांघरून. वाडीत चांदण्याचे कवडसे पडले होते आणि कुंपणापलीकडे पांढरा फेस उसळताना दिसत होता.

"घाबरलीस?" त्या म्हणाल्या. "पाणी वर आलंय. पुनवेला मलाही झोप लागत नाही. बस."

मी बसले. बराच वेळ आम्ही दोघी तो आवाज ऐकत होतो. मग आजींनी विचारले, "एकटं असलं की कसं वाटतं गो? मला कधी ठाऊकच नाही. तेराव्या वर्षी या घरात आले. एक रात्र म्हणून घर रिकामं पाहिलं नाही."

मला उत्तर सुचेना. दिवसभरात बारा जणांनी मला एकटेपणाविषयी विचारले होते, पण ते कसे असते हे कोणी विचारले नव्हते. "अजून नीट कळलं नाही आजी," मी म्हटले. "आज कुणी एकटं राहूच दिलं नाही."

त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग हळूच, आत कोणी ऐकत नाही ना असे बघून म्हणाल्या, "एक करशील? मला वाळूत घेऊन जाशील? चार वर्षं झाली. पडशील, पडशील म्हणून कुणी नेत नाही. मी आपली इथे बसून पाऊणकी करत राहते."

"कधी जाऊ या?"

"सुकतीला. तेव्हा वाळू घट्ट असते, पाय रुतत नाही. चांदणंही असेल, आणि घरची सगळी झोपलेली असतील." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "आता भरलंय. त्यात सहा मिळव."

मी मोबाइलवर साडेपाचचा गजर लावला आणि आजींची काठी उशाशी घेऊन झोपले.